मास्तरांचं कोरडं तळघर

मास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावायचे. घरातले बसा म्हणत, पाणी पुढं करत, आणि मास्तर मात्र मोरीलगतची भिंत तळहातानं चाचपत उभे. एका लग्नात ते पंगतीतून उठले, कार्यालयाच्या मागच्या खोलीत गेले, दोन-तीन ठिकाणी भिंतीला हात लावून हाताचा वास घेतला आणि परत पानावर येऊन बसले. वाढायला आलेल्या नवरीच्या बापाला म्हणाले, "बुंदी चांगली हाय. पण तुमी आहेर ठेवलेली खोली ओली हाय. उचला तिथून." नवरीचा बाप हसला. मास्तर हसले नाहीत. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि तो आहेर शेवटी उचलला की नाही, याची काळजी त्यांना पुढं कितीतरी दिवस होती.

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला आणि झाडलोटीला होते. माझं माहेर होटगीचं. चौथीपर्यंत शिकले, मग लग्न, मग चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला. नवरा गेल्यावर डोळ्यांनीही साथ सोडली, तेव्हा शिवण सोडून घरकाम धरलं. मला लोकांशी बोलायला जमत नाही. दुकानात गेले तर बोट दाखवते. मास्तरांच्या आधीच्या कामवाल्या बाया फार बोलत, असं त्यांचं म्हणणं होतं, म्हणून आमचं जमलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या घरात आम्ही दोघं सबंध दिवस चार शब्द न बोलता काढत असू, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

त्यांची घरची भाषा तेलुगू. पण ती बोलायला घरात कोणी उरलं नव्हतं. बायको कधीच गेली होती, एकुलता एक मुलगा पुण्याला. माझ्याशी ते मराठी बोलत, मला 'अम्मा' म्हणत आणि बोलणं संपलं की 'अंते' म्हणत. अंते म्हणजे बस्स, एवढंच. "भाजीत मीठ कमी हाय. अंते." "पोराचा फोन आला न्हाय. अंते." त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. चादरीवर मोर, वेल, कमळ उमटायचं तर ते मागाला सांगावं लागतं. जुन्या मागाला ते पुठ्ठे सांगायचे. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना बारीक भोकं पाडायची, तशा शेकडो पट्ट्या दोऱ्यानं एकमेकींना बांधून लांब माळ करायची आणि ती मागावर चढवायची. जिथं भोक असेल तिथं सुई आत जाते आणि तिथला धागा उचलला जातो. हे डिझाईन काढणं आणि भोकं पाडणं हे मास्तरांचं काम. सगळं आयुष्य त्यात गेलं. पुढं कॉम्प्युटरवरचे माग आले आणि कारखानदारांनी जुने पुठ्ठे काढून टाकले. मास्तरांनी आपल्या हातचे होते तेवढे मागून आणले आणि घराखालच्या तळघरात लोखंडी नळ्यांवर टांगून ठेवले.

वरच्या खोल्यांवर पत्रा होता. उन्हाळ्यात पत्र्याखाली पुठ्ठे वाकत, शिवाय उंदीर. तळघर थंड आणि कोरडं होतं. शेजारी मोठी इमारत झाली, तिची पाण्याची टाकी जमिनीत बांधली गेली, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यापासून आमच्या तळघराची भिंत घामेजू लागली. शेजारी म्हणाले, आमची टाकी गळत नाही. मास्तर म्हणाले, मग माझी भिंत रडते का. भांडण तिथंच संपलं, ओल राहिली. पुठ्ठा ओल धरतो, फुगतो, भोक जागेवरून सरकतं. तसा पुठ्ठा मागावर चढवला की सुई अडते आणि मोराची मान मधेच तुटते.

ओल किती आहे ते बघायची त्यांची पद्धत त्यांची स्वतःची होती. उडदाचे पापड. तळघराच्या चारही कोपऱ्यांत दोरी बांधलेली, तिला कपड्यांच्या चिमट्यानं एकेक पापड लावलेला. सकाळी खाली जाऊन प्रत्येक पापड मोडून बघायचा. कडकन मोडला तर तो कोपरा चांगला. वाकला तर वाईट. मोडलेले पापड मला भाजायला देत आणि जेवताना खात. "हा पास झालेला हाय," म्हणत. वाकलेले पापड मात्र कुणाला देत नसत, कावळ्यालाही नाही. ते एका डब्यात ठेवत आणि तो डबा उन्हात ठेवायला मला सांगत. नापासांना दुसरी संधी.

संध्याकाळी ते तळघरात बसत. एखादी माळ मांडीवर घेऊन पुठ्ठ्यांवरून बोटं फिरवत, डोळे मिटून. मधेच हसत. "अम्मा, चूडू," अशी हाक आली की मी खाली जायची. चूडू म्हणजे बघ. मला भोकांशिवाय काही दिसत नसे. "हितं मोर वळतोय," ते सांगत, "आता मागं बघणार, बघ." मी बघत बसायची. बरीच वर्षं बसल्यावर मलाही कधी कधी मोर वळल्यासारखा वाटे, पण मी तसं कधी म्हटलं नाही.

ओलीसाठी मशीन घ्यायचं ठरलं ते एका मागामुळं. मास्तरांचे जुने ओळखीचे कारखानदार होते, जवळच राहणारे. त्यांच्याकडे पुठ्ठ्यांवर चालणारा एकच जुना माग उरला होता. त्यांच्या मुलांना तिथं नवं मशीन बसवायचं होतं. कारखानदार म्हणाले, दिवाळीपर्यंत माग हाय, तोवर तुमचा मोर सरळ करून आणा मास्तर, एक चादर काढून देतो. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. नुसते अंगणात फिरत होते. आपला मोर कापडावर बघून त्यांना किती वर्षं झाली होती, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. पावसाळा तोंडावर होता आणि मोराचे पुठ्ठे भिंतीच्या बाजूला टांगलेले, सगळ्यांत ओले.

मुलाला फोन केला. मुलानं मशीनचं इंग्रजी नाव सांगितलं, डीह्युमिडिफायर, हवेतलं पाणी ओढून टाकीत जमा करतं म्हणाला, आणि मी मोबाईलवरून मागवून देतो म्हणाला. मास्तरांना ते पटेना. न बघता, हात न लावता मशीन कसं घ्यायचं? ते नवी पेठेत गेले आणि दुकानादुकानांतून विचारत फिरले. सोलापुरात ओल काढायचं मशीन कोण मागतो? इथं सगळ्यांचं भांडण उन्हाशी. शेवटी एका दुकानदारानं समजावून सांगितलं की तळघरात हवा कोंडली आहे, हवा खेळती पाहिजे, त्याला कूलर बरा. मास्तरांना ते पटलं. मलाही पटलं. आमच्याकडे हवा खराब झाली की माणूस कूलरच लावतो, दुसरं काही सुचतच नाही.

कूलर आला. खाली उतरवला. मी रोज त्यात बादलीनं पाणी भरत होते. तळघर कसं गार गार झालं. मास्तर खूष होऊन खाली खाट टाकून दुपारी झोपायला लागले. पापड बघायचंही त्यांनी काही दिवस सोडून दिलं, इतका भरवसा. मग एक दिवस त्यांनी कोपऱ्यातला पापड काढला आणि तो त्यांच्या हातात फडक्यासारखा लोंबला. चारही कोपऱ्यांत तेच. मोराच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी चढली होती.

ओल घालवायला आम्ही रोज बादल्या भरून पाणी खाली नेत होतो, हे तेव्हा लक्षात आलं. मास्तर पायरीवर बसले. मला वाटलं आता दुकानदाराला शिव्या देतील. ते म्हणाले, "त्याला कशाला विचारलं मी? विकणाऱ्याला कधी विचारायचं नसतं. जो रोज ओल पुसतो त्याला विचारायचं. अंते." आणि उठून कूलरची वायर काढली.

त्यानंतर आम्ही दोघांनी बुरशी पुसली. कोरड्या फडक्यानं, एकेक पुठ्ठा. मग ते पुठ्ठे वरच्या खोलीत फळ्यांमध्ये दाबून वर पाटा, वरवंटा, जातं, घरातलं जेवढं जड होतं तेवढं ठेवलं. ते सरळ झाले. पण खाली नेले की पुन्हा मऊ पडणार, आणि वर ठेवले की उंदीर. मशीन हवंच होतं, आणि महिना वाया गेला होता.

आता मास्तर ओल पुसणाऱ्या माणसाच्या शोधात निघाले. चिंचोळी एमआयडीसीत एका बियाण्यांच्या गोदामात असं मशीन चालतं, हे माझ्या जुन्या मैत्रिणीकडून कळलं. मास्तर रिक्षानं मला बरोबर घेऊन गेले. गोदामाचे साहेब भले होते, त्यांनी खुर्ची दिली आणि मशीनची सगळी माहिती सांगायला लागले. मास्तर ऐकत होते, पण नजर दाराकडे. मग मधेच म्हणाले, "साहेब, ह्याच्यातलं पाणी रोज कोण ओततं?"

एक झाडूवाली बाई ओतत होती. मास्तर उठून तिच्याकडे गेले. हे मशीन चालतं कसं, असं त्यांनी विचारलं नाही. बंद कसं पडतं, ते विचारलं.

"टाकी भरली की दिवा लागतो आणि पीं पीं करून गप बसतं," ती म्हणाली. "सांडत न्हाई."

"आणि बिघडून?"

"मागची जाळी धुतली न्हाई की रुसतं. नुसती घरघर, पाणी थेंब न्हाई. जाळी धुवायची, सावलीत वाळवायची, लावायची. लई थंडीत बर्फ धरतं, तवा जरा बंद ठेवायचं. आन् काका, ते लहानसं टोपल्याएवढं मिळतं, ते घेऊ नका. मागं आणलं हुतं. ते पोरांचं खेळणं हाय."

"टाकी कुठनं काढायची?"

"ह्याची मागनं हाय. रोज मशीन सरकवायचं, रोज कंबर मोडायची. तुमी घेणार असाल तर पुढनं निघणारी बघा. मला कुणी इचारलं न्हाई घेताना."

मास्तरांनी खिशातून पापड काढला आणि तो रात्रभर तिथं टांगू द्या म्हणून साहेबांना विनंती केली. साहेबांना वाटलं ते चेष्टा करतात. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा रिक्षानं गेलो. पापड कडकन मोडला. मास्तरांनी अर्धा त्या बाईला दिला, अर्धा साहेबांना.

मशीन घ्यायला गेलो तो दिवस मला फार आठवतो. फ्रिज-एसीच्या एका दुकानात दोन मशीनं मागवून ठेवली होती. एक उंच, पांढरंशुभ्र, दिसायला देखणं. दुसरं बुटकं, करड्या रंगाचं. दुकानदार उंच मशीनचं कौतुक सांगत होता. मास्तर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "कोणतं?"

मला कळेना ते कुणाला विचारतात. मी मागं बघितलं.

"तुलाच. पाणी तू ओतणार. जिना तू चढणार. बोल."

मी बुटक्याकडे बोट दाखवलं.

"बोटानं नको. तोंडानं."

दुकानदार हसून म्हणाला, "काका, मशीन घेताय की बाईंची परीक्षा?"

मास्तर म्हणाले, "तू थांब रे. तुझं झालं बोलून."

माझ्या कानशिलांवर घाम आला होता. सासरी, माहेरी, कारखान्यात, मला कुणी कधी कोणतं म्हणून विचारलं नव्हतं. मी खाली बघत सांगितलं की ह्याची टाकी पुढून निघते. तिला दोन्ही बाजूंनी धरायला खाचा आहेत, वर झाकण आहे, म्हणजे पायऱ्यांवर हिंदकळणार नाही. जाळीही एका हातानं निघते. आणि टाकीच्या पुढच्या बाजूला पारदर्शक पट्टी आहे, वाकून न बघता पाणी दिसतं. उंच मशीनची टाकी मागं आहे. आमच्या तळघरात ते भिंतीला लागून बसणार. एवढं बोलून मी दमले.

"हे बांधा," मास्तर म्हणाले. "अंते."

त्या मशीननं पहिल्या दिवसापासून काम केलं. पहिल्या दिवशीची टाकी ओतायला नेताना मास्तर माझ्या मागोमाग अंगणात आले. मी पाणी तुळशीपाशी ओतणार होते, तर म्हणाले थांब, आणि त्यात बोट बुडवून बघितलं. "एवढं माझ्या मोराच्या अंगात होतं," म्हणाले. रोज टाकी भरत होती, मग हळूहळू अर्धीच भरायला लागली. मी रोज जाळी बघत होते. पापड एकेका कोपऱ्यात मोडायला लागले. भिंतीजवळचा कोपरा सगळ्यांत शेवटी पास झाला. त्या दिवशी मास्तरांनी मला चार पापड भाजायला दिले आणि दोन माझ्या पानात वाढले.

मोराचे पुठ्ठे त्यांनी खाली जमिनीवर पसरले, पट्टीनं मापले, सुई घालून बघितली. कुठं अडली नाही. दिवाळीला अजून अवकाश होता. आम्ही माळ जुन्या लुगड्यात गुंडाळली, रिक्षा केली आणि कारखानदारांकडे गेलो. रिक्षात माळ आम्हा दोघांच्या मांडीवर होती. मास्तरांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता.

कारखान्यात माग नव्हता. होता तिथं मोकळी फरशी आणि तेलाचे डाग. कारखानदार बाहेर आले, चप्पल घालायचंही विसरले होते.

"मास्तर, पोरांनी ऐकलं न्हाय. परवा उचलून नेला. नवीन मशीनवाले लवकर आले. मी तुमाला निरोप देणार होतो..."

मास्तर आत गेले, खाली बसले आणि त्या मोकळ्या जागेवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "जागा कोरडी हाय तुमची. एकदम कोरडी." कारखानदारांनी चहा सांगितला. तो आम्ही प्यायलो. परत येताना माळ पुन्हा मांडीवर. मला वाटत होतं, काहीतरी बोलावं. त्यांनी अंतेही म्हटलं नाही.

घरी आल्यावर मी मशीन बंद करायला खाली निघाले. कशाला चालवायचं आता, असं मला वाटलं. मास्तरांनी जिन्याच्या तोंडाशी अडवलं.

"कुटं चाललीस?"

मी मशीनकडे बोट दाखवलं.

"माग गेला म्हणून पुठ्ठ्यांनी भिजावं, असं कुटं हाय?"

त्यानंतर दोन पावसाळे मशीन चालत राहिलं. मी टाकी ओतत राहिले. मास्तर संध्याकाळी खाली बसून मोरावरून बोटं फिरवत राहिले, पण मला हाक मारणं त्यांनी कमी केलं. मीच आपणहून खाली जाऊन पायरीवर बसायची. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. आजारी पडले आणि आठवड्यात गेले.

मुलगा आला. वाईट मुलगा नाही. तळघरात उतरून सगळ्या माळा बघितल्या, एक-दोनांना हात लावला, आणि मला विचारलं की मावशी, याचं काय करायचं? त्यानं घर बंद केलं, वीज तोडून घेतली. मशीन चांगलं होतं, ते गाडीत घालून पुण्याला नेलं. नेताना मला विचारलं, तुम्हाला हवंय का. माझ्या खोलीत ओल नाही. मी नको म्हणून मान हलवली.

मी आता दुसऱ्या दोन घरी काम करते. त्या गल्लीतून जात नाही.

परवा पाऊस लागून राहिलेला होता, तेव्हा फोन आला. मास्तरांची सून. मी तिला फक्त मास्तरांच्या दहाव्याला बघितलेलं, तेव्हा तिला दिवस गेले होते. ती म्हणाली, मावशी, ते मशीन नुसतं घरघर करतंय, पाणीच येत नाही, बिघडलं का? मी जाळी धुतली का विचारलं. जाळी असते हेच तिला माहीत नव्हतं. मी कुठून काढायची, कशी धुवायची, सावलीतच का वाळवायची ते सांगितलं. संध्याकाळी तिचा परत फोन आला. मशीन चालू झालं होतं. इथं आठवडाभर ऊन नाही, बाळाचे कपडे वाळतच नव्हते, म्हणाली. "बाबांनी मशीन मात्र छान निवडलं हं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मावशी, एक विचारू? तळघरात एवढं काय होतं हो सांभाळण्यासारखं? हे काही सांगत नाहीत."

मी सांगायला लागले. पुठ्ठा कसा असतो, भोक कशाला, सुई कुठं जाते, मोर कुठं वळतो आणि मागं बघतो. कूलरचंही सांगितलं, तेव्हा ती हसली. मागाचंही सांगितलं. मी फोनवर एवढं कधी बोलले नव्हते.

"आणि आता ते पुठ्ठे?"

"तिथंच हायत. दार बंद हाय. हितंही पाऊस हाय."

ती मग म्हणाली, "मशीन परत पाठवू का? मी सांगते ह्यांना."

पुठ्ठे अजून सरळ करता येतील, हे मला माहीत होतं. दाबून वाळवले की येतात सरळ. ते मी स्वतःच्या हातांनी केलं आहे. पण घराला वीज नाही, किल्ली पुण्यात, आणि चढवायला माग कुठंच नाही. मास्तर असते तर काय म्हणाले असते, मला खरंच सांगता येत नाही.

"असू द्या," मी म्हणाले. "बाळाला ओलं घालू नका."

ती बरं म्हणाली, पण फोन ठेवला नाही. तिच्याकडे दुसऱ्या कुणाचा आवाज येत नव्हता. दिवसभर एकटीच असावी. मीही ठेवला नाही. मग मीच विचारलं, बाळ आता काय करतंय.